एकबेरीज आणि रिकामा रकाना

भात खळ्यांत पडलें म्हणून ताटांत अन्न येत नाहीं. तें झोडावें लागतें, पाखडावें लागतें, कांडावें लागतें. आंकड्यांची गोष्ट याहून निराळी नाहीं. कचेरींतील वह्यांत आंकडे कितीही सांठले, तरी त्यांतून कोणता प्रश्न सोडवावयाचा हें ठरल्यावांचून आणि त्यांची छाननी, वर्गवारी व बेरीज झाल्यावांचून ते ज्ञानाच्या पदवीस पोंचत नाहींत. आजच्या व्यवहारांत हें काम संगणक करतो. विखुरलेली माहिती एकत्र आणावयाची, ती पारखून घ्यावयाची आणि कारभाऱ्यास निर्णय घेतां येईल अशा रूपांत त्याच्यासमोर मांडावयाची, या विद्येस ‘बिझनेस इंटेलिजन्स’ असें नांव पडलें आहे. आयबीएम कंपनींतील संशोधक हान्स पीटर लून यानें १९५८ सालीं या विषयावर निबंध लिहिला. आणि पुढें टॅब्लो, पॉवर बीआय यांसारख्या साधनांनीं ती विद्या सामान्य कारकुनाच्या मेजापर्यंत आणून सोडली.

नांव नवें असलें तरी विद्या जुनी आहे. सावित्री नदीच्या खोऱ्यांत, महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांत, तिच्या इतिहासाचीं दोन्ही टोकें पाहावयास मिळतात. एका टोकास रायगडावरील शिवकालीन दफ्तर आहे. दुसऱ्या टोकास जुलै २०२१ मधील ती रात्र आहे, जेव्हां डोंगराखालीं गाडल्या गेलेल्या एका वाडीस मदत पोंचावयास दुसरा दिवस उजाडावा लागला. या दोन टोकांमधील वाट चालून पाहिली म्हणजे आंकड्यांचें सामर्थ्य कशांत आहे आणि त्यांची लबाडी कोठें दडते, या दोन्ही गोष्टी ध्यानांत येतात.

१६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हां अष्टप्रधानांपैकीं तिघांकडे कागदाचें काम होतें. अमात्य ऊर्फ मजुमदार राज्याचा जमाखर्च पाही. सचिव ऊर्फ सुरनीस पत्रें व दफ्तर तपाशी. मंत्री ऊर्फ वाकनीस रोजच्या घडामोडींचें टिपण ठेवी. सचिवपदावर असलेल्या अण्णाजी दत्तोचें नांव जमिनीची मोजणी करून सारा ठरविण्याच्या कामाशीं कायमचें जोडलें गेलें आहे. किल्ल्यांवरही हीच पद्धत होती. हवालदार, सरनोबत व सबनीस हे तिघे एकमेकांवर नजर ठेवीत आणि कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे असे. एकाच्या हातीं सर्व वह्या द्यावयाच्या नाहींत, हें या व्यवस्थेचें सूत्र होय. ज्यानें धान्य मोजून घेतलें त्यानेंच तें लिहिलें व त्यानेंच तें तपासलें, तर त्या आंकड्यास साक्षीदार उरत नाहीं. माहितीशास्त्राचा पहिला नियम आजही हाच आहे. आंकडा कोणी लिहिला, केव्हां लिहिला आणि दुसऱ्या कोणत्या नोंदीशीं तो पडताळतां येतो, हें सांगतां आलें पाहिजे.

१६८९ सालीं रायगड मोगलांच्या हातीं गेला आणि त्या दफ्तरापैकीं फारच थोडे कागद पुढच्या पिढ्यांस लाभले. परंतु कृष्णाजी अनंत सभासद यानें १६९७ सालीं जिंजी येथें जी बखर लिहिली, तींत किल्ल्यांच्या, खजिन्याच्या, घोड्यांच्या व कोठारांतील जिनसांच्या याद्या आल्या आहेत. राजाचें चरित्र सांगावयास बसलेल्या मनुष्यास याद्या द्याव्याशा वाटल्या, यावरून त्या दरबारांत हिशेबास केवढा मान होता हें दिसतें.

पुढें पेशवाईंत या कलेची वाढ झाली. तिच्या पायऱ्या मराठी माणसाच्या परिचयाच्या आहेत. दिवसाचा व्यवहार जसा घडला तसा रोजकीर्दींत उतरावयाचा, ही पहिली पायरी. रोजकीर्दींतील नोंदी बाबवार निवडून खतावणींत घालावयाच्या, ही दुसरी. खतावणीवरून थोडक्यांत गोषवारा काढावयाचा, त्यास तेरीज म्हणत. शेवटीं जमा, खर्च व शिल्लक यांचा मेळ घालून ताळेबंद मांडावयाचा. पुण्यांत पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मुख्य भाग होते. फडणिसाच्या देखरेखीखालीं चालू कामाचा फड असे. आणि ठिकठिकाणांहून आलेले हिशेब एका जागीं आणून त्यांवरून साऱ्या राज्याचा गोषवारा तयार करणारें खातें निराळें असे. या दुसऱ्या खात्याचें नांव फार अर्थपूर्ण आहे. त्यास ‘एकबेरीज दफ्तर’ म्हणत.

आजचीं साधनें जें करतात त्यास याहून समर्पक मराठी शब्द सांपडणें कठीण आहे. विक्रीची नोंद एका वहींत, मालाची दुसऱ्या, मजुरीची तिसऱ्या. या साऱ्यांची एकबेरीज करून ती पडद्यावर दाखवावयाची, हेंच तें काम. जुन्या तेरजेंत एक गुण असे. तेरजेंतील कोणत्याही रकमेवर बोट ठेवावें आणि खतावणींतून मागें जात जात रोजकीर्दींतील मूळ नोंद काढून दाखवावी. पडद्यावरील बेरजेवर बोट ठेवून तिच्या पोटांतील तालुका, त्याच्या पोटांतील गांव आणि गांवाच्या पोटांतील एकेक नोंद उघडणें, हें आजच्या साधनांचें मोठें वैशिष्ट्य म्हणून सांगितलें जातें. तो गुण चांगल्या दप्तरदारास ठाऊक होता. जी बेरीज उघडून दाखवितां येत नाहीं ती केवळ सांगोवांगी होय.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत या दफ्तराची आबाळ झाली. नोंदी वेळेवर येईनात, आलेल्या लावल्या जाईनात. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत रायगडही इंग्रजांनीं घेतला. राज्यें वह्या न लिहिल्यानें बुडतात असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल; परंतु आपल्या घरांत काय आहे आणि काय नाहीं हेंच ज्यास कळेनासें होतें, त्याचा पाय कोठें घसरेल याचा नेम नसतो, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

इंग्रजी अमदानींत जमिनीची पद्धतशीर पाहणी झाली, प्रत्येक क्षेत्रास क्रमांक मिळाला आणि १९०३ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणी सुरू झाली. तिच्यांतून कुळंबी-कास्तकाराच्या घरोघर परिचित झालेला एक कागद निघाला, तो म्हणजे सातबाराचा उतारा. हा कागद म्हणजे माहितीशास्त्राचा एक धडाच आहे. गांवनमुना सात हा जमिनीवरील हक्क सांगतो. गांवनमुना बारा हा पीक सांगतो. मुळांत हीं दोन निराळीं पत्रकें. भूमापन क्रमांक दोहोंस समान, म्हणून त्या क्रमांकाच्या आधारानें तीं एकमेकांस जोडलीं गेलीं. १९७० सालीं एडगर कॉड यानें माहिती कोष्टकांत सांठवून समान खुणेनें जोडण्याचें शास्त्र सिद्ध केलें, आणि आजचीं बहुतेक साधनें त्यावर उभीं आहेत. खूण एक असेल तर दोन कोष्टकें जुळतात. ती नसेल तर मोठा संगणकही हताश होतो.

त्याच दप्तरांत आठ-अ नांवाचा दुसरा उतारा आहे. सातबारा जमीनवार लाविलेला असतो, आठ-अ खातेदारवार. जमीन तीच, क्षेत्र तेंच, आकार तोच. परंतु पहिला कागद ‘ही जमीन कोणाची?’ या प्रश्नाचें उत्तर देतो आणि दुसरा ‘या माणसाच्या नांवें जमीन किती?’ या प्रश्नाचें. संगणकावर काम करणारे लोक पिव्होट टेबल म्हणून ज्याचा गौरव करतात, तें याहून वेगळें नाहीं. तेच आंकडे निराळ्या बाजूनें फिरवून मांडले कीं निराळ्या प्रश्नाचें उत्तर देऊं लागतात. म्हणून अहवाल करणाऱ्यानें प्रथम विचारावें तें हें, कीं वाचणारा कोणता प्रश्न घेऊन येणार आहे.

हा प्रश्न विचारण्याची दृष्टि ज्यांनीं देशाच्या अर्थकारणांत आणली, त्यांपैकीं एक थोर पुरुष याच मातींतला. महाडहून रायगडास जाणाऱ्या वाटेवर नाते हें गांव आहे. तेथें १४ जानेवारी १८९६ रोजीं चिंतामणराव देशमुख यांचा जन्म झाला. १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्याच कारकीर्दींत, १९४५ सालीं, बँकेंत संशोधन व सांख्यिकी यांचें स्वतंत्र खातें उभें राहिलें आणि जानेवारी १९४७ पासून बँकेचें मासिक पत्रक निघूं लागलें. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचें अध्यक्षपद त्यांनीं १९४५ पासून १९६४ पर्यंत भूषविलें. पुढें ते देशाचे अर्थमंत्री झाले आणि पहिल्या लोकसभेंत कुलाबा मतदारसंघांतूनच निवडून गेले. १९५० सालीं राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली ती याच काळांत. प्रत्येक दार न ठोठावतां शास्त्रोक्त रीतीनें निवडलेल्या थोड्या घरांवरून साऱ्या देशाचा अंदाज बांधण्याची ती पद्धत होती.

त्या काळांतील एका पाहणीचें उदाहरण बोधप्रद आहे. शेतकरी सावकाराच्या कर्जांत बुडालेला आहे, ही गोष्ट तर सर्वांस ठाऊक होती. परंतु किती बुडालेला आहे, हें कोणी मोजलें नव्हतें. रिझर्व्ह बँकेनें १९५१ सालीं गोरवाला समितीकडून देशांतील ७५ जिल्ह्यांत व ६०० गांवांत ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करविली. शेतकऱ्यानें वर्षांत एकंदर कर्ज किती काढलें, एवढी एकच बेरीज देऊन ती समिती थांबली नाहीं. तें कर्ज कोणाकडून काढलें, अशी तिनें वांटणी करून दाखविली. सहकारी संस्थांचा वांटा निघाला अवघा ३.१ टक्के, व्यापारी बँकांचा ०.९ टक्के, आणि सावकारांचा, व्यावसायिक व शेतकरी सावकार मिळून, ६९.७ टक्के. बेरीज मूक असते. वांटणी बोलूं लागते. या अहवालानंतर १९५५ सालीं इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली व खेड्यांकडे बँकेच्या शाखा नेण्याचें धोरण आंखलें गेलें. चांगला अहवाल वाचून झाल्यावर कपाटांत जात नाहीं, तो कोणास तरी कामास लावतो.

आतां आजच्या साधनांकडे वळूं. संगणकावरील माहिती-फलक, ज्यास डॅशबोर्ड म्हणतात, तो दिसावयास मोठा मोहक असतो. रंगीत चित्रें, वर चढणाऱ्या रेषा, नकाशावर लाल-पिवळे ठिपके. चित्रानें आंकडा दाखविण्याची कला १७८६ सालीं इंग्लंडांत विल्यम प्लेफेअरनें रूढ केली. क्रिमियाच्या युद्धांत सैनिक जखमांपेक्षां रोगांनींच अधिक मेले, ही गोष्ट फ्लॉरेन्स नाइटिंगेलनें १८५८ सालीं एका चित्रानेंच राज्यकर्त्यांच्या गळीं उतरविली. परंतु चित्र खरें बोलतें तें त्याखालचा आंकडा खरा असेल तेव्हांच. महाड-पोलादपूरच्या पावसाचें उदाहरण घेऊन या साधनांच्या वाटेंतील खांचखळगे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल.

पहिला खळगा तारखेचा. हवामान खात्याचा दिवस सकाळीं साडेआठला पुरा होतो. २३ जुलैच्या नांवानें लिहिलेला पाऊस बहुतांशीं २२ जुलैस पडलेला असतो. पुराची तारीख एका वहींतून व पावसाची दुसऱ्या वहींतून घेऊन जो त्या तशाच जोडील, त्यास पूर आधीं व पाऊस मागाहून असें विपरीत दृश्य दिसेल.

दुसरा खळगा सरासरीचा. समजा, चार पर्जन्यमापकांपैकीं तिहींवर प्रत्येकीं १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि डोंगराकडच्या चौथ्यावर ५०० मिलिमीटर. सरासरी आली २००. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला तर हवामान खातें तो सर्वांत वरच्या वर्गांत घालतें. म्हणजे सरासरीनें तालुका त्या रेषेच्या आंत सुखरूप बसला आणि डोंगराकडचीं गांवें मात्र तिच्या अडीच पटींनीं भिजलीं. म्हणून सरासरीच्या शेजारीं सर्वांत मोठा आंकडा लिहिल्यावांचून पावसाचा अहवाल पुरा म्हणूं नये.

तिसरा खळगा जागेचा. महाडचा पूर केवळ महाडांत मोजून कळत नाहीं. सावित्री महाबळेश्वरीं उगम पावते, पोलादपुरावरून खालीं येते आणि महाडाजवळ काळ व गांधारी या नद्यांचें पाणी तिला मिळतें. पुढें बाणकोटच्या खाडींत भरती असली तर पाणी ओसरत नाहीं. २३ जुलै २०२१ च्या सकाळीं संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरीं ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाबळेश्वर सातारा जिल्ह्यांत, महाड रायगड जिल्ह्यांत. वह्या जिल्हावार लिहिल्या जातात, पाणी मात्र जिल्ह्याची शीव ओळखीत नाहीं. वरचा पाऊस, खालची पातळी व समुद्राची भरती या तिन्ही वह्या एका फलकावर आल्या तरच त्या फलकास एकबेरीज म्हणतां येईल. महाडास सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर धरलेली आहे आणि धोक्याची ६.५० मीटर. इशारा व धोका यांत अवघ्या अर्ध्या मीटरचें अंतर. डोंगरांतून येणाऱ्या नदीस तें चढावयास फार वेळ लागत नाहीं. जो अहवाल सायंकाळीं सवडीनें तयार होतो, तो अशा नदीच्या कांठीं इतिहास म्हणून उपयोगी, इशारा म्हणून निरुपयोगी.

चौथा खळगा सर्वांत खोल आहे. जुलै २००५ मध्यें महाड तालुक्यांत दासगांव, जुई, रोहन व कोंडिवते या गांवांवर दरडी कोसळल्या व दीडशेहून अधिक माणसें गेलीं. सोळा वर्षांनीं, २२ जुलै २०२१ रोजीं, महाडच्या बाजारपेठेंत पुराचें पाणी भरलें, वीज गेली, दूरध्वनी मुके झाले, रस्ते तुटले. त्याच दिवशीं तळिये गांवची कोंढाळकरवाडी डोंगराखालीं गेली आणि ऐंशीहून अधिक माणसें मृत्यू पावलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंही दरडींनीं बळी घेतले.

या दुर्घटनेंत आंकड्यांच्या अभ्यासकास दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. कोकणांतलें गांव देशावरच्या गांवासारखें एका गांवकुसांत नांदत नाहीं. तें वाड्यावाड्यांनीं डोंगरउतारावर पसरलेलें असतें. जनगणनेच्या यादींत ओळ असते ती गांवाची. दरड कोसळते ती वाडीवर. ज्या कोष्टकांत वाडीस स्वतःची ओळ नाहीं, त्यांत वाडीचा धोका गांवाच्या बेरजेंत विरून जातो. नोंद किती बारीक ठेवावयाची, हें बेरीज करणाऱ्याच्या सोयीनें ठरवावयाचें नसतें. संकट ज्या जागीं येतें, तितकी बारीक नोंद असली पाहिजे.

दुसरी गोष्ट कारकुनी भाषेंतच सांगतां येईल. सरकारी दप्तरांत ‘निरंक’ असा एक शब्द आहे. कळविण्यासारखें कांहीं नाहीं, असें ज्यानें पाहून कळविलें त्याचा अहवाल निरंक. ज्यानें कांहींच कळविलें नाहीं त्याचा रकाना रिकामा. या दोहोंत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. परंतु संगणकास तसें निक्षून सांगितलें नाहीं, तर कांहीं साधनें रिकाम्या रकान्याच्या जागीं शून्य धरून बेरीज करतात, आणि फलकावर दोन्हीं गांवें सारखींच शांत दिसतात. वादळी रात्रीं तर याच्या उलट समजावें लागतें. जेथें हानि मोठी, तेथेंच तार तुटते, रस्ता तुटतो आणि सांगणारा माणूसही उरत नाहीं. म्हणून मोठ्या संकटाची पहिली खूण पुष्कळदां मौन हीच असते. तेव्हां चांगल्या फलकावर निरंकास एक रंग व रिकाम्या रकान्यास दुसरा, अधिक ठळक रंग असावा. आणि शेवटची खबर किती वाजतां आली, ती वेळ प्रत्येक गांवाच्या नांवापुढें लिहिलेली असावी.

रायगडाच्या काळापासून आजवर साधनें बदललीं. बोरूची जागा टांकानें घेतली, टांकाची टंकलेखनयंत्रानें, त्याची संगणकानें. बेरीज करण्यास पूर्वीं शेंकडों कारकून लागत. आतां ती डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होते. परंतु यंत्र बेरीज करतें, चौकशी करीत नाहीं. नोंदीस साक्षीदार हवा, कोष्टकांस समान खूण हवी, बेरीज उघडून दाखवितां आली पाहिजे, सरासरीपुढें कमाल हवी, आणि मौनास शून्य समजतां कामा नये, हे नियम मनुष्यानेंच पाळावयाचे आहेत.

सावित्रीच्या खोऱ्यांत दर वर्षीं आषाढ येतो आणि वरच्या डोंगरांत ढग उतरतात. अशा रात्रीं तालुक्याच्या फलकासमोर बसलेल्या मनुष्यानें लाल ठिपके तर पाहावेतच. परंतु ज्या वाडीपुढें कांहींच लिहिलेलें नाहीं, तिच्याकडे आधीं माणूस धाडावा.